रिपॅक, अर्थात ओव्हरऑइलिंग

पंचाहत्तरी गाठलेल्या बाईनं डोंगरातल्या सायकल शर्यतींवर लिहायला घेतलंय, हे वाचून काही जणांना हसू येईल. येऊ द्या. मलाही आधी आलं होतं. आयुष्यभर मी नववी-दहावीला इतिहास आणि मराठी शिकवलं. खेळाशी माझा संबंध एवढाच, की क्रीडादिनाला शिट्टी मारणाऱ्या सरांच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचं आणि मुलांची नावं वहीत लिहून घ्यायची. "बाईंचं अक्षर चांगलं आहे" म्हणून ते काम कायमचं माझ्या गळ्यात पडलं होतं. त्या वहीचा विषय पुढे येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

तर झालं असं. २०१९च्या जानेवारीत मी लेकीकडे कॅलिफोर्नियाला गेले. सहा महिन्यांचा मुक्काम. तिचं घर सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला. त्या भागात आपली माणसं इतकी, की दुकानात मेथीची जुडी उलटसुलट करून पाहत असताना शेजारून "कोवळी आहे का हो?" असं ऐकू येतं. नातू तेव्हा चौदा वर्षांचा, नववीत. पहिल्याच शनिवारी सकाळी सात वाजता तो हेल्मेट, हातमोजे, पाठीवर पाण्याची पिशवी असा जामानिमा करून निघाला. मी विचारलं, "लढाईला चाललास का रे?" तर म्हणाला, "आजी, प्रॅक्टिस. शाळेची माउंटन बाइक टीम आहे."

शाळेची टीम म्हणजे आपल्याकडे कबड्डी, खो-खो. सायकलवरून डोंगर चढायचा, मातीच्या पायवाटेनं उतरायचा, आणि त्याची म्हणे आंतरशालेय स्पर्धा! फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत, म्हणजे तिकडच्या अख्ख्या वसंत ऋतूत, दोन-तीन आठवड्यांनी एकेक शर्यत. मला वाटलं, पैसेवाल्या देशाचे चोचले. पण इतिहासाच्या मास्तरणीला एक खोड असते. कुठलीही गोष्ट दिसली, की 'हे सुरू कुणी केलं?' हा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही. दुपारी घरात मी एकटीच. लेकीनं ग्रंथालयातून पुस्तकं आणून दिली, नातवानं संगणकावर शोधून द्यायला शिकवलं. जे वाचलं त्यानं माझे बरेच समज उलटे केले.

सायकल रस्ता सोडून रानात नेणं तसं नवं नाही. १८९७ साली अमेरिकेच्या पंचविसाव्या पायदळ पलटणीतले वीस कृष्णवर्णीय सैनिक लेफ्टनंट जेम्स मॉस यांच्याबरोबर मोंटाना राज्यातल्या मिझूलाहून सेंट लुईसपर्यंत सायकलीवर गेले. सुमारे एकोणीसशे मैल, एकेचाळीस दिवस. रस्ते असे नव्हतेच. चिखल, रेल्वेचे रूळ, डोंगर. घोड्याऐवजी सायकल चालेल का, हे सैन्याला पाहायचं होतं. इंग्लंडातही १९५५ साली खडबडीत वाटांवर सायकली नेणाऱ्या हौशी लोकांनी आपली संघटना काढली होती. पण आज ज्याला माउंटन बाइक म्हणतात, ती आणि तिच्या शर्यती जन्मल्या त्या लेकीच्या घरापासून गाडीनं दीड तासावर. गोल्डन गेट पूल ओलांडला की मरीन परगणा लागतो. तिथे टॅमलपायस नावाचा डोंगर आहे, उंची अडीच हजार फुटांच्या जरा वर. म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या मध्यम गडाएवढा.

सत्तरच्या दशकात त्या डोंगराच्या पायथ्याच्या गावांतली काही तरुण मुलं भंगारातल्या सायकली जमवायची. कुठल्या? तर १९३०-४०च्या दशकातल्या, शिकागोच्या श्विन कंपनीच्या आणि तसल्याच, फुग्यासारख्या जाड टायरच्या. श्विननं हे जाड टायर १९३३ साली काढले. घरोघर पेपर टाकणारी पोरं या सायकली वापरत. वजन वीस किलोच्या वर, पण कशानंही मोडायच्या नाहीत. भंगारवाल्याकडे पाच डॉलरला मिळायच्या. मडगार्ड, कॅरिअर, जे जे काढता येईल ते काढून टाकायचं, सायकल ढकलत नाहीतर कुणाच्या ट्रकमधून डोंगरावर न्यायची आणि वणवा विझवायला केलेल्या मातीच्या रस्त्यानं सुसाट खाली यायचं. या सायकलींना ते 'क्लंकर' म्हणत. आपण 'खटारा' म्हणू.

२१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या अशाच एका उतारावर त्यांनी रीतसर शर्यत लावली. सुमारे दोन मैलांत तेराशे फूट उतरायचं. म्हणजे शंभर फुटांमागे बारा फूट, तेही दगडगोटे, खाचा आणि आंधळी वळणं असलेल्या वाटेवर. दोन-दोन मिनिटांच्या अंतरानं एकेकाला सोडायचं आणि घड्याळ लावायचं. पहिली शर्यत ॲलन बॉण्ड्स यानं जिंकली; न पडता खाली पोचलेला तो एकटाच, असं सांगतात. पुढे गॅरी फिशरनं चार मिनिटं बावीस सेकंदांचा विक्रम केला. तो आजही त्याच्याच नावावर आहे. जो ब्रीझ त्याच्या मागे दोनच सेकंद.

या शर्यतीचं नाव रिपॅक. ते का पडलं, हे वाचलं तेव्हा मी एकटीच मोठ्यांदा हसले. या जुन्या सायकलींना मागच्या चाकात एकच ब्रेक, उलटं पायडल मारलं की लागणारा. दोन मैल तो दाबून धरला की हब इतका तापायचा, की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. खाली पोचलं की हब खोलायचा, छर्रे पुसायचे आणि नवं ग्रीस भरायचं. हे भरणं म्हणजे रिपॅक. आपल्याकडे सायकलच्या दुकानात ज्याला सगळे 'ओव्हरऑइलिंग' म्हणतात, तेच की! मूळ शब्द ओव्हरहॉलिंग, पण आमच्या गावच्या सायकलवाल्यानं तो तेलात बुडवून जास्त बरोबर केला, असं माझं मत आहे.

हा गॅरी फिशर आधी रस्त्यावरच्या शर्यतींत भाग घ्यायचा. शाळकरी वयातच. आणि १९६८ साली त्याला शर्यतींतून बाद केलं. कारण काय? केस लांब आहेत! चार वर्षं त्याला बंदी होती. पाय कसे चालतात हे कुणी पाहिलं नाही, केस पाहिले. हे वाचताना मी जरा अस्वस्थ झाले. का, ते सांगते थोड्या वेळानं.

आता यातली खरी गंमत पाहा. १ डिसेंबर १९७४ला, म्हणजे रिपॅकच्या दोन वर्षं आधी, मिल व्हॅली गावात चिखलातल्या सायकल शर्यती होत्या. तिथे क्युपर्टिनोहून काही मुलं आली. मॉरो डर्ट क्लब असं त्यांनी स्वतःचं नाव ठेवलेलं. त्यांच्या जाड टायरच्या खटाऱ्यांना चक्क गिअर होते आणि ते हँडलवर अंगठ्यानं बदलता येत होते. मरीनच्या मुलांनी ते पाहिलं, डोक्यात ठेवलं, आणि नंतर आपल्या सायकलींना गिअर बसवले. त्यामुळे डोंगर ढकलत चढायच्या ऐवजी चालवत चढता येऊ लागला. म्हणजे कल्पना क्युपर्टिनोवाल्यांचीही तितकीच. आज क्युपर्टिनो म्हटलं की ॲपल कंपनी आठवते, आपल्याकडच्या निम्म्या घरांतली कुणी ना कुणी मुलं त्या बाजूला नोकरीला असतात. पण या क्लबचं नाव किती जणांना माहीत आहे? मग मरीनचाच इतिहास का झाला?

माझ्या मते त्याचं कारण वही. चार्ली केली नावाचा एक जण रिपॅकच्या शर्यती भरवायचा. तो प्रत्येक शर्यतीत कोण उतरलं, कुणाला किती मिनिटं आणि किती सेकंद लागले, हे सगळं लिहून ठेवायचा. पहिला आलेल्याचंही, शेवटी आलेल्याचंही. १९८४ पर्यंत अशा चोवीस शर्यती झाल्या. त्यांच्यातलीच वेंडी क्रॅग फोटो काढायची, आणि स्वतःही सायकल चालवायची. १९७८ साली कोलोरॅडोतल्या पर्ल पास या साडेबारा हजार फुटांहून उंच खिंडीतून सायकल नेणारी ती पहिली बाई. पुढे १९८० साली केलीनं 'फॅट टायर फ्लायर' हे मासिकही सुरू केलं. वही, फोटो, मासिक. मी वर्गात पस्तीस वर्षं सांगत आले, की ज्याची नोंद राहिली त्याचा इतिहास होतो. इतकं ताजं उदाहरण मला तेव्हा मिळालं असतं तर!

पुढचं सगळं झरझर घडलं. १९७७ साली जो ब्रीझनं भंगाराच्या भरवशावर न राहता या कामासाठी म्हणून नवी फ्रेम घडवली. १९७९ साली फिशर आणि केलीनं टॉम रिचीनं केलेल्या फ्रेमवर सायकली जुळवून विकायला काढल्या आणि आपल्या धंद्याला 'माउंटनबाइक्स' नाव दिलं. ते नाव पुढे सगळ्या जगानं उचललं. १९८१ साली स्पेशलाइज्ड कंपनीनं जपानात मोठ्या संख्येनं बनवून घेतलेली स्टम्पजंपर साडेसातशे डॉलरला बाजारात आणली. पाच डॉलरचं भंगार पाच-सात वर्षांत साडेसातशेला गेलं. १९८३ला राष्ट्रीय संघटना, १९९० साली कोलोरॅडोतल्या डुरँगोला जागतिक अजिंक्यपद, आणि १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये प्रवेश. तिथे पुरुषांत नेदरलँड्सचा बार्ट ब्रेंटजेन्स आणि बायकांत इटलीची पाओला पेझो पहिले. विसाव्या वर्षी भंगारातून ऑलिंपिकला!

बायकांनी मात्र आपली जागा भांडून घेतली. जॅकी फेलन ही १९८३ पासून सलग तीन वर्षं राष्ट्रीय विजेती. तिनं १९८७ साली बायकांचं मंडळ काढलं. त्याच्या नावातच सायकलीबरोबर चहाही होता. आधी चालवायचं, मग चहा. हे मला फार आवडलं. मी स्वतः १९६२ साली परकर खोचून, दांडीखालून पाय घालून सायकल शिकले. तासाला चार आणे भाडं. आजोबांनी पाहिलं आणि तिथेच ते शिक्षण संपलं. चहा वगैरे दूरच.

इकडे घरात नातवाचं शिक्षण जोरात सुरू होतं. फ्रिजवर त्याचं वेळापत्रक चिकटवलेलं. मला वाटलं होतं, रोज जीव तोडून सायकल मारायची म्हणजे सराव. तसं नव्हतं. डिसेंबर-जानेवारीत नुसती लांबवर, सावकाश चालवायची. नियम असा, की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. धाप लागली तर वेग कमी. फेब्रुवारीत चढ. मार्चमध्ये मिनिट-दोन मिनिटं सगळा जीव लावायचा, मग तितकाच वेळ हळू, मग पुन्हा. तीन आठवडे वाढवत न्यायचं, चौथा आठवडा हलका. शर्यतीच्या आधीचे दोन दिवस पाय मोकळे करण्यापुरतंच. वर्षाचे असे टप्पे पाडायची पद्धत सोव्हिएत प्रशिक्षक मात्वेयेव्ह यांनी साठच्या दशकात मांडली, आणि जो फ्रील यांच्या १९९६च्या पुस्तकानं ती हौशी सायकलवाल्यांच्या घरात आणली. तिचं मर्म एवढंच, की ताकद मेहनत करताना वाढत नाही; मेहनतीनं शरीर झिजतं, आणि नंतरच्या विश्रांतीत ते स्वतःला आधीपेक्षा थोडं जास्त भक्कम करून घेतं. विश्रांती चुकवली की नुसती झीजच हातात राहते.

माझे वडील शेतकरी. त्यांना हे पुस्तक लागलं नसतं. नांगरट झाल्यावर रान उन्हात तापू द्यायचं असतं, पेरणीची घाई करायची नसते, हे त्यांना ठाऊक होतं. दुसरी एक गोष्ट तर त्यांनी ऐकताक्षणी ओळखली असती. त्या फेब्रुवारीत तिकडे धो-धो पाऊस झाला आणि सराव सारखा रद्द होऊ लागला. मी म्हटलं, "पोरं काय मिठाची आहेत का?" तर नातू म्हणाला, की पोरांसाठी नाही, वाटेसाठी. ओल्या वाटेवर चाक रुतलं की खोल चर पडतो, पुढच्या पावसात त्यातून पाणी वाहतं आणि वाट वाहून जाते. फार सुकली तर धूळ होऊन घसरते. मधली स्थिती यावी लागते. मी म्हटलं, "अरे, हा तर वाफसा!" मराठी शब्द ऐकून तो खूश झाला. पुढच्या सरावाला म्हणे त्यानं तिथल्या चिनी, मेक्सिकन, गोऱ्या पोरांना 'वाफसा' शिकवला.

ही काळजी त्यांना अशीच आलेली नाही. ऐंशीच्या दशकात सायकलवाले इतके माजले, की डोंगरात चालणारे आणि घोडेवाले वैतागले. ज्या मरीनमध्ये हा खेळ जन्मला, तिथेच अरुंद पायवाटांवर सायकलींना बंदी आली, रुंद वाटांवर ताशी पंधरा मैलांची मर्यादा आली, आणि ती मोडणाऱ्यांना पकडायला रखवालदार वेग मोजायचं यंत्र घेऊन उभे राहू लागले. तेव्हा कुठे, १९८८ साली, सायकलवाल्यांची जबाबदारीनं वागायला शिकवणारी आणि स्वतः वाटा दुरुस्त करणारी संघटना उभी राहिली.

शाळांच्या शर्यती मात्र एका मास्तरांनी सुरू केल्या. हे वाचून माझी कॉलर ताठ झाली. मॅट फ्रिट्झिंगर हे बर्कली हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांनी शाळेत सायकलचा संघ काढला. शेजारच्या शाळांनी पाहिलं, आणि २००१ साली उत्तर कॅलिफोर्नियातल्या शाळांची स्पर्धा सुरू झाली. २००९ साली देशपातळीवरची संस्था झाली आणि आज निम्म्याहून जास्त राज्यांत हे चालतं. त्यांचा एक नियम आहे: बाकावर कुणी बसायचं नाही. फुटबॉलच्या संघात अकरा खेळतात आणि उरलेले पाणी देतात. इथे जो येईल तो शर्यतीत उतरतो. सरावात एक मोठा माणूस सगळ्यांच्या पुढे आणि एक सगळ्यांच्या मागे. मागच्या माणसानं शेवटच्या मुलाला कधीही ओलांडायचं नाही, तो थांबला तर आपणही थांबायचं.

मार्चमध्ये मी पहिली शर्यत पाहिली. डोंगर हिरवेगार, मधेमधे नारिंगी पॉपीच्या फुलांचे गालिचे. आपल्याकडे तेव्हा शिमगा आणि उन्हाचा चटका. शंभरेक पोरं ओळीत उभी, हँडलला नंबर बांधलेले. शिट्टी झाली आणि सगळी धुळीत दिसेनाशी झाली. पाच-सहा मैलांच्या दोन फेऱ्या. पहिला मुलगा आला, दहावा आला, पन्नासावा आला. आमचा पत्ता नाही. माझ्या पोटात गोळा. शेवटी आला, गुडघ्यातून रक्त, तोंडभर माती. मागून पाचवा. मी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता हा रडणार. पण त्याचे सोबती वाटेच्या कडेनं धावत ओरडत होते, आणि त्याच्या नंतर जे चार आले त्यांच्यासाठीही तसंच, किंबहुना जास्तच. सर्वांत शेवटच्या मुलीसाठी तर घोळका जमला. तिची वेळही टेबलावरच्या बाईंनी लिहून घेतली. शेवटची म्हणून गाळली नाही.

त्या टेबलावरच्या बाईंकडे मी कितीतरी वेळ बघत राहिले. कारण ते टेबल माझं होतं.

१९८६ सालची गोष्ट. २६ जानेवारीला तालुक्याची सायकल शर्यत होती. प्रत्येक शाळेनं पाच मुलं पाठवायची. आमच्या शाळेतून सहा नावं आली. वही माझ्याकडे. सहावा मुलगा नववीचा, घाटावरच्या वाडीतला. रोज पहाटे सायकलीला दुधाच्या दोन किटल्या अडकवून तो आठ किलोमीटर घाट उतरायचा, दूध घालायचा, शाळा करायचा आणि संध्याकाळी तोच घाट चढून घरी जायचा. सायकलीला मडगार्ड नाहीत, ब्रेक नाही. थांबायचं झालं तर चप्पल मागच्या चाकावर दाबायची. बाकीच्या पाचांकडे चकचकीत सायकली. मुख्याध्यापकांनी विचारलं, "कुणाला गाळायचं?" मी म्हटलं, "याची सायकल बघा ना, शाळेची शोभा होईल." आणि माझ्या सुंदर अक्षरातल्या त्याच्या नावावर मी रेघ मारली. खेळाच्या सरांना विचारलंसुद्धा नाही. ब्रेक नसलेली सायकल शर्यतीत धोक्याची, हे खरं. पण एखाद्या मुलाची सायकल त्याला दिवसभरासाठी मागून घेता आली असती. मला ते सुचलं नाही, कारण मी तेवढा विचारच केला नाही. आमची पाचही मुलं मागे पडली. तो मुलगा रस्त्याच्या कडेला त्यांना पाण्याची बाटली द्यायला उभा होता. पुढच्या वर्षी त्यानं शाळा सोडली. शर्यतीमुळे सोडली असं मी म्हणत नाही, घरची परिस्थितीच तशी होती. पण दहावीला वहीत त्याचं नाव नव्हतं, एवढं मला आठवतं.

आता सांगा, पेपर टाकणाऱ्या पोरांच्या टाकाऊ सायकली, धूर काढणारे ब्रेक आणि लांब केसांमुळे बाद केलेला मुलगा यांचा इतिहास वाचताना मला दुसरं कोण आठवणार होतं? जगाच्या एका टोकाला भंगाराच्या सायकलीवर डोंगर उतरणाऱ्यांची सेकंदासेकंदाची नोंद कुणीतरी ठेवत होतं. त्याच काळात माझ्यासमोर रोज घाट उतरणारा आणि चढणारा मुलगा होता, आणि मी शोभा बघत होते. तो ऑलिंपिकला गेला असता असलं काही मला म्हणायचं नाही. त्याला तालुक्याला तरी जाता आलं असतं.

मे महिन्यातल्या शेवटच्या शर्यतीत नातू मधल्या घोळक्यात आला. जून महिन्यात मी परत आले. पुढच्या हिवाळ्यात त्यानं नेमानं तयारी केली, आणि मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद, शर्यती बंद. मोसम सुरू होतोय न होतोय तोच संपला. व्हिडिओवर मी हळहळले, "एवढी मेहनत वाया गेली रे." तर म्हणाला, "वाया कशी जाईल आजी? मागच्या वर्षी जो चढ मी ढकलत चढायचो, तो आता न उतरता चढतो." हे ऐकायला शर्यत लागत नाही, खरंच.

२०२२ साली शाळेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. तो आला होता. पन्नाशीचा, केस पिकलेले, स्वतःचा टेम्पो आहे म्हणाला. मी त्याला बाजूला घेतलं आणि रेघेची गोष्ट सांगितली. म्हटलं, माझं चुकलं. तो क्षणभर गप्प राहिला. त्याला आठवत होतं, हे मला दिसलं. मग म्हणाला, "जाऊ द्या बाई, किती जुनी गोष्ट. तुम्ही चहा घेतला का?" आणि स्वतः जाऊन माझ्यासाठी चहा घेऊन आला. त्यानं माफ केलं की विषय बदलला, मला अजून ठरवता आलेलं नाही. विचारायची हिंमतही नाही.

त्यानंतर मी आमच्या कॉलनीत एक हट्ट धरला. २६ जानेवारीला मुलांची सायकल शर्यत होते, कॉलनीमागच्या टेकडीच्या कच्च्या रस्त्यानं. आधी पहिले तीन आले की बक्षीस समारंभ सुरू व्हायचा. आता नियम असा, की जो येईल तो उतरेल. आदल्या दिवशी सायकलवाला सगळ्यांचे ब्रेक तपासतो; ज्याचे नसतील त्याचे बसवून देतो, पैसे मंडळ देतं. आणि शेवटचं मूल येईपर्यंत कुणी उठायचं नाही. वही माझ्याकडे. अक्षर आता थरथरतं, पण वाचता येतं.

या वर्षी शेवटची मुलगी आली तेव्हा चहावाला आवराआवर करून गेला होता. घामाघूम झाली होती, चेन दोनदा पडली म्हणाली. मी घड्याळ पाहिलं आणि लिहिलं: एक्केचाळीस मिनिटं, दहा सेकंद. तिनं वाकून वहीत आपलं नाव बघितलं आणि म्हणाली, "आजी, माझ्या नावात दीर्घ वेलांटी आहे."

पस्तीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईनं मुकाट्यानं वेलांटी दुरुस्त केली.